हरिकाचं जेवण

साठ सालच्या आसपास मी पुण्याहून मुळशीत अन्नपाहणीच्या नोकरीवर गेले. गावोगावची माणसं काय खातात, किती खातात आणि कशाने त्यांना बाधतं, हे नोंदवायचं काम. मुळशीत आमचं मुख्य लक्ष होतं हरिकावर. डोंगरउतारावर पिकणारं हे बारीक धान्य कापणीच्या वेळी भिजलं, तर खाणाऱ्याला भोवळ येई.

सगळ्या तालुक्यांतल्या तपासनीस बायकांना एकसारखा तराजू, एकसारख्या वाट्या आणि एकच तक्ता दिला होता. "एकीची वाटी मोठी, दुसरीची लहान, असं झालं तर सगळी मेहनत पाण्यात," असं आमच्या डॉक्टरबाई बजावत. भरलेले तक्ते दर आठवड्याला पौडहून एसटीने त्यांच्याकडे जात.

धरणाच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीत मी उतरले होते. जिच्या घरी राहायचे तिला मी मावशी म्हणायचे. वाडीत ज्या घरी तराजू मांडावा, तिथे तांदळाचा भात, वर एखाद्या घरी कोंबडीसुद्धा. हरिकाचं नावही कुणी घेईना. पण उखळापाशी तर त्याचाच कोंडा पडलेला असे.

शेवटी मी मावशीलाच विचारलं, "खरं सांगा, रोज असंच जेवता?"

ती तोंडाला पदर लावून हसली. "पाव्हणी तराजू घिऊन येनार, तिच्या म्होरं हरीक ठेवायचा व्हय? लाज न्हाई का वाटायची?"

"मग आज मला हरीकच वाढा."

"तुमाला सोसायचा न्हाई, बाई. औंदाचा भिजल्याला हाय."

"तुम्ही खाताच ना?"

"आमाला सवय हाय." पण तिने कणगी उघडली.

मी दाणे तोलले, शिजल्यावर भात तोलला, आकडे लिहिले. मावशीने मला बेतानेच वाढलं. कुळथाच्या पिठल्याबरोबर तो भात इतका छान लागला की मी पुन्हा मागून घेतला.

दुपार कलायच्या आत समोरचा डोंगर हळूच एका बाजूला सरकला. मी उठायला गेले, तर अंगणही सरकलं. मावशीने मला धरून घोंगडीवर निजवलं, ताक पाजलं. तिच्या मालकांनाही जरा गरगरत होतं, ते पलीकडे आडवे होऊन मला म्हणाले, "पडून ऱ्हावा. सकाळपातुर उतरंल."

बाईला हरीक लागला, ही बातमी वाडीभर झाली. शेजारणी येऊन माझ्याभोवती बसल्या. एकजण लावणी करताना चिखलात बसली होती, एकीला पाण्याच्या वाटेवरच झोप लागली होती. प्रत्येकीकडे सांगण्यासारखं होतं. मी डोळे मिटून ऐकत होते आणि मला फार बरं वाटत होतं.

त्यानंतर कुणी माझ्यासाठी वेगळं रांधलं नाही. घराघरांतून हरीक तराजूवर आला. कुणाला कधी भोवळ आली, किती खाल्ल्यावर आली, हे बायका न विचारता सांगू लागल्या.

ते तक्ते पाहून डॉक्टरबाई स्वतः वाडीत आल्या. धान्याचे नमुने त्यांनी पिशव्यांत भरून घेतले. मग मला बाजूला घेऊन रागावल्या, "तपासनीसाने स्वतःवर प्रयोग करायचे नसतात." थोड्या वेळाने त्यांनीच हळू आवाजात विचारलं, "नेमकं काय होत होतं गं तुला?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी मन लावून ऐकलं, पण तक्त्यातला माझा आकडा खोडला. मी त्या घरातली नव्हते, त्यामुळे नियमात बसत नव्हते. मला जरा वाईट वाटलं. एवढं सोसून नोंद नाही!

पुढच्या उन्हाळ्यात आमच्या कचेरीकडून वाडीला ताडपत्र्या मिळाल्या. कापलेला हरीक झाकायला आणि वाळवायला त्या दिल्या होत्या. पिकाला अवकाश होता. पहिली ताडपत्री मावशीच्या पुतणीच्या लग्नात मांडवावर चढली, आणि तिच्या सावलीत मी पंगतीला बसले.