कोकिळाचे सोळा शनिवार

आमच्या मेहरूणच्या गल्लीत कोकिळाच्या हातचे मांडे खाल्ले नाहीत असं घर सापडायचं नाही. मांडा म्हणजे आमच्याकडची खापरावरची पुरणपोळी. ती नुसती लाटून होत नाही. पुरण भरलेला गोळा थोडा लाटायचा, मग दोन्ही हातांवर घेऊन या मुठीवरून त्या मुठीवर झेलत वाढवायचा, आणि कोपरापर्यंत आला की चुलीवरच्या उपड्या खापरावर टाकायचा. कोकिळाचे दंड असे भरलेले की मांडा त्यावर आपण होऊन पसरायचा. लग्नघरी बाया आधी नवरी बघून येत, मग मागच्या दारी कोकिळाचे हात बघायला येत.

तिचं वजन एकशे तीन किलो. हे मी चुगली म्हणून सांगत नाही, गल्लीला पाठच होतं. "कोकिळा, थोडं उतरव गं," असं तिला तीस वर्षं सगळ्यांनी सांगितलं आणि सांगून झालं की ताट पुढे केलं. नको म्हणाली तर राग, जेवली तर मागून कुजबुज. तिचा नवरा लीलाधर रिक्षा चालवतो. तो तिच्या दुप्पट जेवतो आणि काडीसारखा आहे. त्याला आजवर कोणी काही बोललेलं नाही.

दिवाळीनंतर कोकिळाचे गुडघे बसले. चुलीपुढे पाटावर बसली की उठवायला दोघी लागायच्या. डॉक्टरांकडे गेली तर साखरही वाढलेली निघाली. डॉक्टर म्हणाले, "वजन असंच राहिलं तर खाली बसणं विसरा." हे तिला लागलं. गुडघ्यांचं दुखणं ती सोसत होती, पण चुलीपुढून उठवल्यावर कोकिळात कोकिळा काय राहिली असती? मग सगळ्या तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा टोचायचं इंजेक्शन लिहून दिलं. भूक कमी होते म्हणे त्याने. चार महिन्यांनी परत दाखवायला सांगितलं.

त्या दिवशी ती पदराखाली डबी घेऊन माझ्याकडे आली.

"अक्का, हे तुमच्या फ्रीजमध्ये ठेवा. कोनले सांगू नका."

"तुझ्या फ्रीजला काय झालं?"

"माझ्या फ्रीजला काय होणार? अर्धी गल्ली बर्फ मागायला येते. डबी बघितली की संपलंच. पोट मारायला सुई घेणाऱ्या बाईच्या हातचं पुरण कोण खाईल, अक्का? उद्या लग्नाचं एक बोलावणं येणार नाही."

तिचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. आमच्याकडे रांधणारी बाई अंगाने आडवी असली की लोकांचा विश्वास बसतो. डबी मी लोणच्याच्या बरणीमागे ठेवली.

टोचायचं काम माझ्या नातीकडे आलं. साक्षी दवाखान्यात नर्स आहे आणि तिची सुटी शनिवारी असते. वर्षाच्या पहिल्या शनिवारी कोकिळा पदर दातात धरून पलंगावर बसली. साक्षीने पोटाला पेनासारखं काहीतरी लावलं, मनात काही आकडे मोजले आणि म्हणाली, "झालं."

कोकिळाने एक डोळा उघडला. "एवढंच? मी म्हटलं म्हशीला देतात तशी असेल."

"कोकिळामावशी, नीट ऐक. भूक कमी होईल, पण जेवण बंद करायचं नाही. डाळ, अंडं, दही रोज पोटात गेलं पाहिजे. आणि हातापायांना व्यायाम. नाहीतर चरबीबरोबर अंगातली ताकदही जाते."

कोकिळाने मान हलवली. एवढ्या सगळ्यातलं 'भूक कमी होईल' तेवढं तिने घरी नेलं.

दुसऱ्या आठवड्यापासून तिला मळमळायला लागलं. गुळाचा वास आला की ती तोंड फिरवायची. "बठ्ठं तोंडाशी येई ऱ्हायनं, अक्का," म्हणायची. पुढे मळमळ कमी झाली, भूक मात्र परत आली नाही. दोन घास भात आणि अर्धा कप चहा यावर तिचा दिवस जायचा. साक्षी दर शनिवारी ओरडायची. कोकिळा दर शनिवारी मान हलवायची.

गल्लीत पहिल्यांदा ओळखलं ते हसीनाबीने. ती बांगड्या भरते. आमच्या गल्लीत वजनाचा काटा कोणाकडे असो नसो, कोणाचं मनगट किती हे हसीनाबीला तोंडपाठ. संक्रांतीला कोकिळाच्या हातात दोन-दहाच्या बांगड्या साबण लावूनही रडत रडत गेल्या होत्या. होळीच्या आधी त्याच मापाच्या बांगड्या सरसर कोपरापर्यंत गेल्या.

"कोकिळाभाभी, हाथ बदलके आई क्या?"

"वाळले थोडी."

"ते दिसतं मला. पण वाळायला तू काय मिरची आहेस?"

ओट्यावर बाया बसलेल्या, त्यांत बेबाबाई. बेबाबाई म्हणजे आमच्या भजनी मंडळाच्या प्रमुख. लग्नाची निम्मी बोलावणी कोकिळाला त्यांच्या शब्दावर येतात. शिवाय मे महिन्यात त्यांच्या भाचीचं, कामिनीचं, धुळ्याला लग्न होतं आणि तीनशे माणसांचे मांडे करायचे होते. त्यांनी कोकिळाला खालून वर पाहिलं.

"काही आजार तर नाही ना गं? लपवू नको. तसं असेल तर आम्ही धुळ्यात दुसरी बाई बघतो."

कोकिळा घाबरली. घाबरलेल्या माणसाला जे पहिलं सुचतं ते ती बोलली.

"आजार कसला? शनिवार धरलेत मी."

"किती?"

डॉक्टरांनी चार महिन्यांनी बोलावलं होतं. तिने मनाशी हिशोब केला आणि म्हणाली, "सोळा."

"कोणाचे?"

एवढा विचार तिने केला नव्हता. पण आमच्या बायांना उत्तराची फार गरज नसते. "मारुतीचेच असणार," बेबाबाई म्हणाल्या. "शनिवार दुसऱ्या कोणाचा असतो?" मग कोणाला तरी आठवलं की कोकिळा दर शनिवारी संध्याकाळी द्रौपदाअक्काकडे, म्हणजे माझ्याकडे, जाते आणि गंभीर तोंडाने बाहेर पडते. सगळ्या माझ्याकडे वळल्या. माझ्या घरी बुद्धांच्या फोटोपुढे मेणबत्ती लागते, उपासतापास आम्ही कधीच सोडले. मी म्हटलं, "येते, बसते, जाते." यात खोटं काहीच नव्हतं. पण फ्रीज माझा होता, हेही खरं.

पुढच्या शनिवारी गल्लीतल्या अकरा बायांनी कोकिळाचे शनिवार धरले. चार महिन्यांत अंग उतरतं, वर पुण्य. आणखी काय पाहिजे? सकाळी शेंगदाणे घालून साबुदाण्याची खिचडी, दुपारी केळीचे वेफर्स, चार वाजता राजगिऱ्याचा लाडू, रात्री भगर आणि तुपाची धार. दर रविवारी सगळ्या चौकातल्या भुसार दुकानात जायच्या आणि धान्याच्या पोत्यांच्या काट्यावर उभ्या राहायच्या. दुकानदार पोती बाजूला करायचा, आकडा वाचायचा आणि खाली बघायचा. बेबाबाई शहात्तर किलोंवर सुरू झाल्या होत्या. आठ शनिवारांनी त्या एकोणऐंशी झाल्या.

"काटा खराब आहे," त्या म्हणाल्या.

हसीनाबी त्यांच्या हातात बांगड्या चढवता चढवता म्हणाली, "मी तीस रोजे धरते, माझं एक माप उतरत नाही. तुमचं उपासाला चढतं. आमच्यापेक्षा तुमचं सोपं दिसतं."

बेबाबाईंना हे झोंबलं. कोकिळा काहीतरी नियम आपल्याला सांगत नाही, याबद्दल त्यांची खात्री झाली. आणि त्यांच्यात व्रत धरलं की ते सोडून चालत नाही, त्याचं उद्यापन करावं लागतं. सवाष्णी जेवू घालायच्या, त्या जेवणाला कोणाचा उपास आड येत नाही, आणि जे सोडलं होतं त्याचा पहिला घास सगळ्यांसमोर खायचा. कोकिळा गोडाला शिवत नव्हती, म्हणजे तिने गोड सोडलंय असं सगळ्यांनी धरलं. सोळावा शनिवार आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी आला. बेबाबाईंनी परस्पर ठरवून टाकलं: कोकिळाच्या अंगणात उद्यापन, मांडे आणि आमरस, मांडे तिनेच करायचे. "कामिनीच्या लग्नाचंही त्याच दिवशी पक्कं करू," त्या म्हणाल्या. "हात बघून."

उद्यापनाच्या आदल्या दिवशी कोकिळा माझ्याकडे येऊन बसली. अकरा किलो उतरले होते. गुडघे बरे होते, साखर खाली आली होती, एकटी उठत होती, एकटी बसत होती. तरी तोंड उतरलेलं.

"अक्का, कणीक तिंबून बघितली. मन्हा दंडमा जोरच नही. आणि पुरणाची चव घ्यायची म्हटलं तर हिंमत होत नाही. तिथं सगळ्यांसमोर ओकारी झाली तर?"

साक्षी आतून म्हणाली, "अंडी खाल्ली का?"

"आता कशाला जुनं काढतेस?"

शनिवारी सकाळी अंगणात चूल मांडली. रशी, म्हणजे कटाची आमटी, उकळत होती, कुरडया तळून झाल्या होत्या, आमरसाचं पातेलं ओल्या फडक्याखाली. अकराच्या अकरा बाया नवी लुगडी, नव्या साड्या नेसून पाटांवर बसल्या. त्यांचे पदर आता पुढे थोडे कमी पडत होते. हसीनाबी ओट्यावर, मी तिच्याशेजारी. लीलाधर दाराआड ताट घेऊन आधीच तयार.

कोकिळाने पहिला गोळा हातांवर घेतला. चार झेल छान गेले. बाया बघत होत्या. मांडा मनगट ओलांडून पुढे आला, तसा तिचा दंड खाली झुकला. कोपराच्या अलीकडे तो मधोमध फाटला, आणि पुरण खापरावर पडून जळायला लागलं.

कोकिळाने खापर पुसलं, दुसरा गोळा घेतला. तोही फाटला.

"व्रतात काहीतरी चूक झाली," एक बाई हळूच म्हणाली. "त्याशिवाय असं होत नाही."

बेबाबाईंनी हात वर करून तिला थांबवलं. "कोकिळा, आता तरी सांग. तू एक नियम आमच्यापासून लपवलास. तुझं उतरलं, आमचं चढलं. काय करत होतीस दर शनिवारी?"

कोकिळाने पिठाचे हात मांडीवर ठेवले. धुराने डोळे लाल झाले होते, की कशाने, मला ठाऊक नाही. तिने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

"सुई घेत होते," ती म्हणाली. "डॉक्टरांनी दिलेली. पोटात. अक्कांच्या घरी, साक्षीच्या हातून. भूक लागू नये म्हणून. व्रत वगैरे काही नाही. गुडघे गेले तर चुलीपुढे बसता येणार नाही, म्हणून घेतली. आणि तुम्हाला कळलं तर कोणी चुलीपुढे बसवणार नाही, म्हणून लपवली."

पाटांवरच्या बाया बेबाबाईंकडे बघायला लागल्या.

"पण मग शनिवारच का?" बेबाबाईंनी विचारलं.

"साक्षीला सुटी असते."

बेबाबाई एकेक शब्द मोजत म्हणाल्या, "म्हणजे मी इतके शनिवार साबुदाणा खाल्ला, तो साक्षीच्या सुटीसाठी?"

पहिली हसली ती हसीनाबी. तिला बिचारीला बांगड्यांचा डबा खाली ठेवावा लागला. मग एक एक करून अंगण हसायला लागलं. हसल्या नाहीत त्या दोघीच, कोकिळा आणि बेबाबाई.

"अक्का, तुम्हीसुद्धा," बेबाबाई मला म्हणाल्या. मी म्हटलं, "मला कोणी फ्रीजबद्दल विचारलंच नाही."

"ते मागून बघते मी." त्या परत चुलीकडे वळल्या. "आणि आज आम्ही जेवायचं काय? मांडे होणार आहेत की नाहीत?"

कोकिळाने पुढचा गोळा मोडला, निम्मा परातीत टाकला आणि निम्मा हातांवर घेतला. आता मांडा कोपराकडे गेला नाही. मनगटाच्या थोडा पुढे आला आणि तिथंच थांबला, पातळ, न फाटता. तिने तो खापरावर टाकला. छान फुगला. बायांनी माना पुढे काढल्या.

"एवढासा?" कोणीतरी म्हणालं.

बेबाबाई उठल्या. मांड्याचा तुकडा मोडला आणि कोकिळाच्या तोंडापुढे धरला. "सुई घेतली असलीस तरी लोक बोलावलेत. उद्यापन ते उद्यापन. खा."

खरी परीक्षा ही होती. कोकिळाने डोळे मिटले, घास घेतला आणि हळूहळू चावला. साक्षी मागे तांब्या घेऊन उभी. कोकिळाने गिळलं. मग डोळे उघडून म्हणाली, "गूळ कमी पडलाय. आणि जायफळ जुनं आहे."

बेबाबाईंनी उरलेला तुकडा स्वतःच्या तोंडात टाकला. चघळला. "पडलाय खरा," म्हणाल्या. मग पाटावर बसून पदर सारखा केला. "कामिनीच्या लग्नाला गूळ नीट बघून घाल. आणि मांडे एवढेच लहान केलेस तर माणशी दोन लागतील."

त्या दिवशी सगळ्यांनी तीन तीन खाल्ले. लहान आहेत म्हणून. लीलाधरने पाच.

आता कोकिळा सकाळी डाळीचं धिरडं आणि उकडलेलं अंडं खाते आणि साक्षीसमोर वरवंटा उचलून दाखवते, दोन्ही हातांनी दहा दहा वेळा. मांडा पुन्हा कोपराकडे सरकायला लागलाय. पण लग्नघरची माणसं आता म्हणतात, लहानच कर, आम्ही कमी जेवतो हल्ली. माझ्या फ्रीजमध्ये लोणच्याची बरणी पुढे आली आणि डबी राजरोस वरच्या खणात.

बेबाबाईही डॉक्टरांकडे जाऊन आल्या. त्यांनी तपासून सांगितलं, तुम्हाला सुईची गरज नाही, मेहरूणच्या तलावाला रोज एक चक्कर मारा. त्या मारतात. शनिवारचा उपास मात्र सोडलेला नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, "इतके केले, आता मध्येच सोडले तर मारुतीला काय वाटेल?" आणि वेफर्सची पिशवी माझ्यापुढे केली.