मामा विद्यापीठ बघून आले

माझ्या बायकोच्या थोरल्या मामांएवढा पारखी माणूस अख्ख्या रायगडात न्हाय, आणि आमचं जे वाटोळं झालं ते त्या पारखण्यामुळंच. मामा भातशेतीवाले. कापणी उरकली की त्यांचा दुसरा धंदा सुरू व्हायचा, बिनपैशाचा: स्थळं बघायची. भावकीत कुणाची मुलगी द्यायची असली की पहिलं मामांना धाडायचे. मामा कधी कळवून जात न्हाईत. भलत्याच वेळेला जाऊन दारात उभं राहायचं आणि पाणी मागायचं. पाणी कोण आणतं, भांडं घासलेलं हाय का, देताना तोंड कसं होतं, एवढ्यावर त्यांचा निकाल. मग शेजारी चौकशी, आणि निघताना कुत्र्यावर नजर. दिवेआगरला एक वाडीवालं घर होतं, नारळ, सुपारी, पर्यटकांना द्यायच्या खोल्या, कशाला कमी न्हाय. मामांनी नाकारलं. का, तर कुत्रं मरतुकडं. म्हणाले, "कुत्र्याच्या पोटाला न्हाय तिथं सुनंच्या पोटाला काय असणार?"

मला बघायला आले तवा मी मिनिडोरच्या खाली होतो. ही आमची सहा सीटवाली रिक्षा, माणगाव स्टँडवर चालवतो मी. बाहेर फक्त माझे पाय. आईनं पाणी दिलं, मामा माझ्या पायांशी बराच वेळ बोलले, पाय बरे वाटले आणि शब्द देऊन टाकला. तोंड बाहेर आलं तवर उशीर झाला होता. बायको अजून म्हणते, मामानं जन्मात एकदाच घाई केली. पण संसार टिकला, त्यामुळं मामांच्या यशात माझं पण नाव घेतात.

अशा माणसाच्या हातात माझ्या सायलीचं शिक्षण गेलं. पोरगी बारावी झालेली, एका कारखान्याच्या ऑफिसात कंत्राटावर कॉम्प्युटरवर बसते. साहेब म्हणाले, कॉम्प्युटरची डिग्री आण, कायम करतो. नोकरी सोडून कॉलेज जमणार नव्हतं, म्हणून डिग्री ऑनलाइन करायची ठरलं. मी चौथीपर्यंत शाळेत गेलो, ते पण सुकडी खायला मिळायची म्हणून. मला एवढंच कळलं की पोरगी घरात बसून कॉलेजला जाणार. तिनं फोनवर दोन ठिकाणं काढली. एक पुण्याकडचं विद्यापीठ, ऑनलाइन डिग्रीची सरकारी मान्यता असलेलं. दुसरी पनवेलची एक संस्था, कुठल्या तरी लांबच्या विद्यापीठाचं नाव सांगणारी, पण मान्यतेच्या यादीत काय ते नाव सापडेना. सायलीनं मामांना बसवून समजावलं की मान्यता नसंल तर डिग्री नुसता कागद. मामा म्हणाले, "बाय, वधूवर मंडळाच्या यादीत पण सगळीच पोरं निर्व्यसनी असतात. बघून आल्याबिगर द्यायची न्हाय."

आणि मामा विद्यापीठ बघायला निघाले. स्थळ बघायला एकटं जायचं नसतं म्हणून मला बरोबर घेतलं. ताम्हिणीच्या घाटातून एसटीनं पुण्याला गेलो. गेटवर शिपायानं अडवलं. मामांनी पाणी मागितलं. शिपाई म्हणाला, समोर टपरी हाय, बाटली मिळंल. आणि ऑनलाइनवाल्यांनी इथं यायचंच नसतं, सगळं फोनवर. मी वजन टाकायला पुढं झालो, म्हटलं, आम्ही मुलीकडचे. त्यानं मला असं बघितलं की मी आपला टोपी सारखी करत मागं आलो. मामांनी तिथंच निकाल दिला. दारातनं माणूस परत लावतात ते घर आपलं न्हाय.

पनवेलला मात्र जिना चढून घाम पुसतोय तोवर थंडगार खोली, आणि एका मुलीनं ट्रेमध्ये झाकलेला ग्लास आणला. बसा आजोबा, म्हणाली. मी पण बसलो. खुर्चीला चाकं होती, मी थेट भिंतीला जाऊन लागलो, तरी कुणी हसलं न्हाय. मोठा साहेब आतून आला आणि मामांच्या पाया पडला. खाली झेरॉक्सवाल्याला विचारलं, तो म्हणाला माणसं सोन्यासारखी. कुत्रं नव्हतं, असतं तर ते पण गुबगुबीत निघालं असतं. मामांनी शब्द दिला. घरी आल्यावर सायलीनं विचारलं, मान्यतेचं काय म्हणाले? मामा म्हणाले, पाया पडणारा माणूस खोटं बोलत न्हाय. तिनं माझ्याकडं बघितलं. आता बाप म्हणून मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी खुर्चीच्या चाकांचं सांगितलं.

मामांचा शब्द आमच्यात कुणी मोडलेला न्हाय, तिनं पण मोडला न्हाय. कामावरनं येऊन भाकऱ्या भाजायची आणि मग अभ्यासाला बसायची. डिग्री आली. मी स्टँडवर पेढे वाटले, ज्यांची भाडी मी पळवतो त्यांना पण दिले. मग ऑफिसनं तपास केला आणि कळवलं की ही डिग्री धरता येत न्हाय. कायमची जागा दुसऱ्या मुलीला गेली. मामा धावत आले. सायली तांदूळ निवडत होती. मान वर न करता बोलली, "आजोबा, घर चांगलंच होतं त्यांचं. मला तिथं नांदायचं नव्हतं."

मामा एकटेच पनवेलला भांडायला गेले. परत आले ते खालमानेनं. तीच मुलगी, तसंच पाणी, साहेब परत पाया पडला आणि म्हणाला, मान्यता येणारच हाय, थोडं थांबा. मामा मला म्हणाले, "जावयबापू, शिवी ओठावर होती. पण माझ्या पायावर डोकं हाय, त्याला काय घालू?" त्यानंतर मामांनी स्थळं बघणं सोडलं. लोक येतात, मामा सांगतात, फोनवर बघा. लोकांना वाटतं, म्हातारा सुधारला.

या वर्षी सायलीनं पुण्याच्या विद्यापीठात पहिल्यापासून नाव घातलं. आम्हाला कुणी विचारलं न्हाय. चुलीवर भात शिजतोय तेवढ्यात तिनं फोनवर सगळं उरकलं. मामा ओटीवर होते, मी पायरीवर. मामांनी अगदी हळू विचारलं, "बाय, मान्यता हाय ना?"

ती बाहेर आली आणि फोन त्यांच्या समोर धरला. सगळं इंग्रजीत. मामांनी डोळे बारीक करून वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, व्हय. मग तिनं फोन माझ्याकडं वळवला. मी पण बघितलं, मी पण म्हटलं, व्हय. दोघांना इंग्रजी वाचता येत न्हाय हे तिला ठाऊक हाय. आत भात लागल्याचा वास सुटला होता, तरी आमचं बघून होईस्तोवर तिनं हात खाली घेतला न्हाय.