काळेपणा दोनच्या वर

कारखान्यात तिला तोंडावर मॅडम म्हणतात आणि पाठीमागे दोनबाई. हे तिला चांगलं ठाऊक आहे आणि मनातून आवडतंही. लोखंडाच्या जोडकामाचे एक्स-रेने काढलेले आतले फोटो, म्हणजे फिल्म, वाचायचं तिचं काम. एकोणीस वर्षं झाली. फिल्म किती काळी आली हे डेन्सिटोमीटर नावाचं यंत्र सांगतं. खालून उजेड, मध्ये फिल्म, वरून दांडी टेकवली की आकडा येतो. आकडा दोनच्या खाली आला, तर ती फिल्म वाचतच नाही, परत काढा म्हणते. फिकट फिल्मवर बारीक भेग लपून बसते, आणि लपलेली भेग एक दिवस बॉयलर फोडते. इतकं साधं आहे, पण माल पाठवायची घाई असली की कुणालाच पटत नाही. साहेब लोक आवाज चढवतात. ती ऐकून घेते आणि शांतपणे चहा संपवते.

त्या शनिवारी सकाळी टेबलावर आली ती तिच्या धाकट्या दिराची फिल्म. दीर वेल्डर. हात चांगला, तोंड त्याहून चांगलं. मोठ्या बॉयलरच्या कामासाठी माणसं निवडायची होती. प्रत्येकाने चाचणीची एक प्लेट जोडायची, फिल्म पास झाली तर यादीत नाव, आणि यादी पाच वाजता बंद. तीन वर्षं किरकोळ दुरुस्त्या करत तो या कामाची वाट बघत होता, आणि घरातल्या सगळ्यांनी तीन वर्षं त्याची बडबड सोसली होती.

तिने दांडी टेकवली. एक पॉइंट सात. ठराविक काळेपणाची पट्टी लावून तिने यंत्र तपासलं. यंत्राचं काही चुकत नव्हतं.

सुपरवायझर म्हणाला, सांधा स्वच्छ दिसतोय, घरचाच माणूस आहे, टाका पास करून. घरचा म्हटल्यावर तर ती जास्तच ताठ झाली. परत काढा, असं तिने लिहून दिलं. दीर तणतणत आला. एरवी वहिनी वहिनी करणारा, त्या दिवशी मॅडम म्हणाला. आईला घरी काय सांगू, असंही विचारून झालं.

"भावोजी, तुमचा सांधा वाईट आहे असं मी म्हणतच नाही," ती म्हणाली. "मला तो दिसतच नाहीये."

बाराच्या सुमाराला दुसरी फिल्म आली. दोन पॉइंट सहा. तिने ती उजेडाच्या पेटीवर लावली, आणि ती वाकण्याआधीच दिराने डाव्या टोकाजवळ बोट ठेवलं.

"इथे असेल."

तिथेच होती, केसाएवढी काळी रेघ. तिथे त्याची वेल्डिंगची कांडी संपली होती आणि जोडाचं तिथलं टोक न घासताच त्याने नवी लावली होती. सकाळपासून मनात धाकधूक होती, फिकट फिल्मवर काही दिसेना तेव्हा सुटलो असं वाटलं, हे त्याने खाली मान घालून सांगितलं. तिला राग आला आणि वाईटही वाटलं. तिने नापास लिहिलं. कागदावर वर वेल्डरचं आडनाव, खाली तपासणाऱ्याचं, दोन्ही एकच.

नियमात आणखी एक संधी होती. त्याने सुपरवायझरकडून नवी प्लेट मागून घेतली आणि न जेवता कामाला लागला. या वेळी टोक घासायला विसरला नाही. फिल्म धुऊन वाळून तिच्याकडे आली तेव्हा साडेचार वाजले होते. दीर दारात उभा होता, काखेत शिरस्त्राण.

तिने यंत्र शून्यावर आणलं, पट्टी लावून तपासलं, मग फिल्म ठेवली. पास की नापास, हे त्याने विचारलंच नाही.

"काळेपणा किती आला?"

"दोन पॉइंट चार."

"मग वाचा, वहिनी. जे दिसेल ते लिहा."

तिने या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा वाचलं. तोवर तो दारातून हलला नाही. सांधा स्वच्छ होता. पाचला दहा कमी असताना तिने पास लिहून सही केली, आणि शाई वाळायच्या आत कागद उचलून तो यादीकडे पळत सुटला. आभार मानायलाही थांबला नाही, आणि तेच तिला फार आवडलं.