असू दे, खरंच शेवटचा

डोळ्यांच्या दवाखान्यात कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या गृहस्थांना त्यांच्या खऱ्या नावानं फक्त हजेरीपट ओळखत असे. बाकी सगळ्यांच्या लेखी ते ‘असूदे’. माउस बिघडला, टाकू का? असू दे, लागेल. वायर मधूनच तुटलीय. असू दे. हे रिकामं खोकं? असू दे, खोकं चांगलं आहे. घरची लहान खोली त्यांनी अशीच भरून टाकली होती. तिथे तीन कीबोर्ड होते आणि प्रत्येकाची वेगवेगळी अक्षरं पडलेली. तिन्ही मिळून एक अख्खा कीबोर्ड होतो, असं ते गंभीरपणे सांगत.

“अहो, ही खोली माणसासाठी बांधली होती,” बायको म्हणायची. तो माणूस म्हणजे असूदेंची आई. खोली वायरींनी बळकावल्यामुळे ती बाहेरच्या दिवाणावर झोपे.

हा गुण आला कुठून, हे शोधायला लांब जायला नको. गेली दोन वर्षं आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत होता आणि तिचं एकच पालुपद होतं. “असू दे रे, दिसतंय तेवढं पुरे आहे.” दिसत किती होतं? एकदा ती खुंटीवरच्या कोटाशी पाच मिनिटं बोलली, आणि पाहुणा फार तुसडा आहे असं तिनं सुनेला आत येऊन सांगितलं. शेवटी मुलगा, सून आणि खुद्द मोठ्या डॉक्टरीणबाई यांनी हात जोडल्यावर ती एकदाची तयार झाली, पण अट घालून. “एकदाच येईन. पुढे ढकललंत तर पुन्हा माझ्यासमोर विषय काढायचा नाही.” आई एकदा नाही म्हणाली की नाही. असूदेंना हे बालपणापासून ठाऊक होतं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सकाळी आठ रुग्णांच्या डोळ्यांच्या पडद्याचे फोटो काढायचे होते. आईचा नंबर सहावा. दोन वाजता डॉक्टरीणबाई फोटो पाहून यादीवर सही करणार. ज्याचा फोटो नाही त्याची पाळी थेट दोन महिन्यांनी.

पाच फोटो झाले आणि साडेदहाला फोटोच्या बाई असूदेंच्या दारात उभ्या राहिल्या.

“यंत्र म्हणतंय जागा नाही.”

“किती राहिलेत?”

“तिघं. त्यात तुमच्या आई. त्यांच्या डोळ्यांत औषध घालून झालंय.”

 असूदेंच्या खोलीत एक दांडगा कॉम्प्युटर होता आणि त्याच्या पोटात पाच मानलेले कॉम्प्युटर राहत होते, एका घरातल्या पाच भाडेकरूंसारखे. प्रत्येकाला वाटायचं, अख्खं घर आपलंच आहे. या मानलेल्या मशीनना डिस्कही मानलेलीच असते. मालकानं आकडा वाढवला की ती वाढते. त्यांपैकी फोटो साठवणाऱ्या मशीनची डिस्क दोनशे जीबीची होती. चारशे करायची, दहा मिनिटांचं काम. असूदेंनी मशीन बंद केलं, आकडा टाकला.

मशीननं आकडा घेतलाच नाही. रकाना फिका पडून बसला होता.

कारण त्यांना माहीत होतं, फक्त आठवायचं नव्हतं. मशीनमध्ये काही बदल करण्याआधी त्याची स्थिती जपून ठेवता येते, म्हणजे बिघडलं तर तिथवर मागे येता येतं. याला स्नॅपशॉट म्हणतात. काम नीट झालं की तो दुसऱ्या दिवशी काढून टाकायचा असतो, कारण तो असेपर्यंत डिस्कचा आकार बदलता येत नाही. पण काढून टाकणं हा असूदेंचा प्रांतच नव्हता. पडद्यावर चार नावं ओळीनं उभी होती. ‘असू दे’. ‘असू दे दोन’. ‘असू दे शेवटचा’. ‘असू दे खरंच शेवटचा’. पहिला तीन वर्षांपूर्वीचा होता.

या तीन वर्षांत एकदाही मागे जावं लागलं नव्हतं. तरी हात धजेना. ते पुसताना काही फिसकटलं तर तीन वर्षांचे सगळे फोटो जायचे. म्हणून आधी सगळ्याची वेगळी नक्कल काढून ठेवली. त्यात एक तास गेला, पण त्याला इलाज नव्हता. मग एकेक स्नॅपशॉट काढून टाकायला घेतला. पहिले दोन निमूट गेले. तिसऱ्यानं वेळ खाल्ला. चौथा नव्व्याण्णव टक्क्यांवर येऊन असा बसला, की त्याला उठायचंच नव्हतं.

तेवढ्यात सिस्टर आईला हाताला धरून घेऊन आल्या. “औषधामुळे उजेड सोसत नाहीये आजींना. तुमच्याकडे अंधार असतो, बसू दे इथे.”

आई चाचपडत एका खोक्यावर बसली. खोकं चांगलं होतं.

“काय झालंय?” तिनं विचारलं.

“काही नाही. होतंय.”

“घाबरलास की तू ‘होतंय’ म्हणतोस. शाळेतही असंच म्हणायचास.”

सव्वा वाजता चौथाही गेला. असूदेंनी आकडा टाकला, मशीननं तो घेतला. चारशे. त्यांनी मोठा सुस्कारा सोडला, मशीन चालू केलं आणि आत पाहिलं. आत दोनशेच.

हेही तसं नवं नव्हतं. बाहेरून डिस्क वाढली तरी आतल्या मशीनला ती जागा आपल्यात सामील करून घ्यावी लागते. त्यांनी आतला नकाशा उघडला. फोटोंची जागा होती, भरगच्च. टोकाला नवीन दोनशे जीबी रिकामे पडले होते. पण ‘वाढवा’ या शब्दावर दाबलं तर तो फिका. पुन्हा दाबलं. मशीन बंद करून चालू केलं. फिकाच. दीड वाजून गेला होता.

“असूदे सर, डॉक्टरीणबाई विचारतायत,” दारातून फोटोच्या बाई म्हणाल्या. “तिघांना घरी पाठवायचं का?”

“दहा मिनिटं द्या.”

त्या गेल्या. आई म्हणाली, “मला सांग तरी. नाहीतरी इथे बसून दुसरं काय दिसतंय मला?”

“जागा आहे, आई. भरपूर आहे. टोकाला रिकामी पडलीय. पण सरकताच येत नाहीये.”

“मग बाहेरच्या आमच्या बाकासारखं झालंय तुझं,” आई म्हणाली. “सकाळपासून टोकाला दोन माणसं बसतील एवढी जागा, आणि इकडे आम्ही चारजणी एकमेकींच्या मांडीवर. का, तर मधे एक पिशवी. कुणाची, माहीत नाही. उचलायची कुणी? शेवटी मीच उचलली.”

 असूदेंनी पडद्याजवळ नाक नेऊन नकाशा पाहिला. भरलेल्या जागेच्या आणि रिकाम्या जागेच्या मधे एक बारीकसा कप्पा होता. मशीन पार कोलमडलं तर दुरुस्तीला उपयोगी पडेल, म्हणून मशीननं स्वतःच करून ठेवलेला. कधी उघडलाही नव्हता. जागा वाढते ती फक्त लगतच्या रिकाम्या जागेत, आणि हा बेटा वाट अडवून बसला होता.

“आई, पिशवी सापडली.”

“मग घे उचलून.”

“टाकून देऊ?” हा प्रश्न असूदेंनी आयुष्यात पहिल्यांदाच विचारला असावा.

“टाकतोस कशाला? मी टाकली का? टोकाला ठेवली. असू दे.”

त्यांनी अगदी तेच केलं. कप्प्यातला मजकूर तात्पुरता बाहेर दांडग्या कॉम्प्युटरवर घेतला, कप्पा पुसला, फोटोंची जागा थेट पलीकडे लांबवली आणि अगदी टोकाला एक नवा बारीक कप्पा करून मजकूर परत त्यात ठेवला. पावणेदोनला आईला घेऊन यायला सिस्टरना सांगून ते जिन्यावरून धावत निघाले. त्यांना धावताना याआधी कुणी पाहिलं नव्हतं, त्यामुळे कुठे आग लागलीय का, असं वॉर्डबॉयनं विचारलं.

आईनं हनुवटी यंत्रावर टेकवली. लखकन उजेड पडला आणि पडद्यावर फोटो उमटला, मोतीबिंदूमुळे धुरकट, पण डॉक्टरीणबाईंना पुरेसा. नारिंगी गोल आणि त्यात बारीक लाल रेषा. असूदेंनी तीन वर्षांत असे हजारो फोटो जपले होते आणि एकही नीट पाहिला नव्हता. आज त्यांना तिथून हलवेना. खाली लिहून आलं, ‘जतन झाला’. त्यांचे डोळे भरून आले आणि ते लपवायला त्यांनी उगीचच एक वायर हलवून पाहिली.

एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी पट्टी काढली, तेव्हा आईनं आधी छत पाहिलं, मग खिडकी, मग मुलाकडे वळली आणि पाहतच राहिली.

“तुझे केस कधी पांढरे झाले रे?”

“झाले हळूहळू.”

“मला कुणी सांगितलं नाही,” आई म्हणाली, आणि तिनं त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला. ‘दिसतंय तेवढं पुरे’ हे त्यानंतर ती कधी म्हणाली नाही. दुसऱ्या डोळ्याची तारीख तिनं स्वतः मागून घेतली.

घरी आल्यावर मात्र तिनं लहान खोलीचं दार उघडलं आणि उंबऱ्यावरच थांबली. “हे सगळं इथेच होतं?” एवढंच म्हणाली. रविवारी असूदेंनी कुणी न सांगता खोली रिकामी केली. वायरी गेल्या, खोकी गेली, तिन्ही कीबोर्ड गेले.  संध्याकाळी आईचा दिवाण आत गेला. दुसराही डोळा झाल्यावर आईनं आपला तो जाड भिंगांचा चष्मा काढला आणि कचऱ्याच्या टोपलीत टाकला.

असूदेंनी तो हळूच उचलला, शर्टाच्या टोकानं पुसला आणि खिशात घातला. बायकोनं पाहिलंच.

“अहो, आता हे कशाला?”

 लहान खोलीतून आईचा आवाज आला.

“असू दे गं. टोकाला ठेवेल तो.”