ढोलकीसकट

वर्कस्टेशन नावाचा तो महागाचा कीबोर्ड घ्यायचा म्हणून मी सगळ्या घराचं डोकं खाल्लं. लग्नात, हळदीत, वाढदिवसाला मी कीबोर्ड वाजवतो. वडवणीच्या आसपास लोक मला त्यावरूनच ओळखतात. जुना चांगला चालत होता, पण मला त्याची लाज वाटायला लागली होती. नव्यात म्हणे सगळंच होतं. ढीगभर वाद्यं, गाणं रेकॉर्ड करायचं, थरावर थर चढवायचे, वर हवा तो आवाज बाहेरून भरायचा. व्हिडिओत एक गडी एकट्यानं अख्खा बँड वाजवायचा. बायको म्हणाली, "एवढ्यात म्हैस आली असती, दूध तरी दिलं असतं." मी तिच्यावर खेकसलो. हिशेब मला कळत नाही असं नाही, दुसऱ्यानं सांगितलेला खपत नाही.

माझी बाजू घेतली ती एकट्या दाजींनी. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, आमचा ढोलकीवाला. पार्टी तिघांची: मी, दाजी आणि एक गाणारा. "घ्या हो पाव्हणं, पार्टीचं नाव होईल," म्हणाले. पुण्याच्या दुकानात माझ्यासंगं आले आणि येताना एसटीत ते लांबडं खोकं मांडीवर घेऊन बसले. मला हातसुद्धा लावू दिला नाही.

आणि मग मी ते करून बसलो. मशीनमधली तयार ढोलकी ऐकली तर एकदम कोरडी, जीव नसलेली. दाजींना म्हणालो, तुमचीच भरू. ताईच्या घरी भर दुपारी पंखा बंद केला, दारा-खिडक्यांवर गोधड्या टाकल्या. आवाज येऊ नये म्हणून ताई बाहेर कोंबड्या हाकलत बसली. दाजी घामानं निथळत एकेक बोल वेगळा वाजवायचे, मी नाही म्हटलं की पुन्हा वाजवायचे. हळदीची चाल, वरातीची चाल, लावणीचा ठेका, सगळं दिलं. भरून झाल्यावर मी एक बटण दाबलं आणि दाजींचे हात मांडीवर असताना त्यांची ढोलकी वाजायला लागली. ते खुळ्यासारखे हसले. म्हणाले, "आता मला ताप आला तरी कार्यक्रम बुडायचा न्हाई." मीही हसलो. माझ्या मनात तेव्हा काळंबेरं काही नव्हतं, पण ते आता सांगून काय उपयोग?

घाटनांदूरच्या एका हळदीला दाजींना खरंच जमलं नाही, त्यांच्या भावकीत मयत झालं होतं. मी बटण दाबून कार्यक्रम काढला. कुणी काही बोललं नाही, उलट लोक नाचले. पण ती बातमी फिरली. पुढच्या सुपारीला यजमान म्हणाले, "तिकडं दोघांत भागलं म्हणं. मग आमच्याकडं कावून तिघं?" एरवी मी रिक्षावाल्याशी भांडतो, दुकानदाराशी भांडतो, तिथं मात्र तोंड उघडलं नाही. सुपारी हातची जाईल ही भीती, दुसरं काही नाही. दाजींना म्हणालो, ह्या वेळी तुमी राहू द्या. ते "बरं" म्हणाले. त्याच्या पुढच्या वेळी मी कळवलंही नाही आणि त्यांनी विचारलंही नाही.

दसरा झाला आणि कळलं की दाजींनी मुकादमाकडून उचल घेतली, ते ऊस तोडायला निघाले. आमच्याकडं उसाच्या टोळीत कोयता म्हणजे एक माणूस नव्हे, नवरा-बायकोची जोडी. नवरा तोडणार, बायको मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत नेणार. म्हणजे ताईपण निघाली. लग्नानंतरची पहिली काही वर्षं ती अशीच गेलती. ढोलकीवर घर चालायला लागलं तेव्हा कुठं सुटली होती, आणि मान तिची अजून दुखते. टोळी निघाली त्या सकाळी मी गेलो नाही. कामाचं निमित्त सांगितलं. मला तिच्या तोंडाकडं बघायची हिंमत नव्हती.

मग मी मशीन विकायला काढलं. विकायचं, येईल त्यात उचल परत करायची, दोघांना माघारी आणायचं, जुना कीबोर्ड पुसून घ्यायचा आणि पुन्हा तिघांनी जायचं, असा बेत. पाली गावाकडचा एक वाजवणारा बघायला आला. बटणं दाबून बघितली, ओरखडे दाखवले, भाव निम्म्यावर पाडला. मग त्याच्या हाताखाली ढोलकी लागली. तो थांबला. पुन्हा लावली.

"ही कुठं मिळाली? असली कुणाकडंच न्हाई. पुसू नका बरं का, हिच्यासकट देणार असाल तर म्हणाल तो भाव देतो."

म्हणजे एवढ्या महागाच्या मशीनमध्ये किमतीचं काय होतं, तर दाजींनी फुकटात घाम गाळून भरलेलं तेवढं. मला तोंडात मारल्यासारखं झालं. हे विकलं तर त्यांचे हात ह्या माणसाच्या बटणाखाली जाणार, तिथून आणखी कुणाकुणाच्या, आणि मग जिल्ह्यात कुणालाच दाजी लागणार नाहीत.

मी त्याला थांबायला सांगून दाजींना फोन लावला, सगळं सांगितलं. "द्या की, वाजू द्या," एवढंच ते म्हणाले. मग ताईनं फोन घेतला.

"इकू नको. आमी आता टोळीत मोजले गेलोत, मुकादम मधीच सोडत नसतो. तू एवढं कर. चैतात आमी आलो की ह्यांना एकदा संगं घेऊन जा. पैसे नको देऊ. नुसतं शेजारी बसव. हिथं पाचटाच्या कोपीत बसून ह्यांची बोटंसुद्धा हलत न्हाईत रे."

मी हो म्हणालो. पालीवाल्याला नाही म्हणून लावून दिलं.

चैत्रातल्या एका लग्नाची सुपारी घेऊन परवा बाजाराच्या दिवशी मुलीचे वडील आले. किती माणसं, त्यांनी विचारलं. तिघं, मी म्हणालो.

"तिसरं कोण?"

"ढोलकीवाले. माझे दाजी."

"ढोलकी तर मशीनमधी हाय म्हणं."

"हाय. त्यांचीच हाय ती."

"मग?"

त्यांचं काही चुकलं नव्हतं, पोरीच्या लग्नाला निघालेला माणूस सरळ विचारत होता. ते पैसे घेणार नाहीत, नुसते शेजारी बसतील, हे वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. पण ज्या माणसाच्या ठेक्यावर मी आजवर वाजवलं, तो फुकट बसायला येईल, हे मला परक्यापुढं बोलवेना.

"बरं," मी म्हणालो, "दोघं."