अधिकृत ढ

दवाखान्यात पाचशे माणसं कामाला, त्यांत हृदयाचे, हाडांचे, डोळ्यांचे असे नाना तज्ज्ञ. पण ढ म्हणून नेमलेली बाई एकच. तळमजल्यावरच्या चादरींच्या खोलीत फाटकंतुटकं शिवणारी शिवणमावशी. थट्टा नाही करत. ती स्वतःच सांगायची, "मी इथली अधिकृत ढ आहे," आणि सांगताना तिची मान जरा ताठ व्हायची.

त्याचं असं झालं. एकदा एक तरुण डॉक्टरीणबाई कोटाचं बटण लावून घ्यायला खाली आल्या. मोठमोठे डॉक्टर एकत्र बसून कुठल्या आजाराला काय करायचं ते ठरवतात, त्याची विटेएवढी जाड पुस्तकं होतात, आणि त्यातून रोग्यांसाठी एकपानी पत्रक काढायचं काम या बाईंच्या गळ्यात पडलेलं. पत्रक मशीनवर ठेवलं होतं. मावशीने बटण लावता लावता ते वाचलं आणि विचारलं, "गोळी उपाशीपोटी घ्या म्हणता, मग चहा धरायचा की नाही?" बाई वर जाऊन पुस्तक चाळून आल्या. बावीस डॉक्टरांनी मिळून लिहिलेल्या पुस्तकात चहाचा पत्ताच नव्हता.

तेव्हापासून पायंडाच पडला. पत्रक छापायला जाण्याआधी मावशीपुढे यायचं. ती मोठ्याने वाचायची, कागद पालथा घालायची आणि म्हणायची, "हं, आता मी घरी पोचले. काय करू?" मग कागद न बघता सगळं करून दाखवायची. मध्येच अडली तर कागद नापास, मावशी नव्हे. भरपूर पाणी म्हणजे पेला की बादली? श्रम टाळा म्हणजे पायमशीन चालवू की नको? त्वरित या म्हणजे आत्ता, की नवरा कामावरून आल्यावर? अशी अकरा वर्षं गेली. शंभरावर पत्रकं तिच्या हाताखालून गेली आणि तिच्या अडण्यामुळे किती माणसं वाचली असतील ते देव जाणे.

घरी मात्र हुशारीचा मक्ता थोरल्या भावाकडे. लहानपणी गणितात अडली की ती मान वळवून दादाकडे बघायची, तो उत्तर कुजबुजायचा आणि वर "ढ कुठली!" म्हणून टपली मारायचा. ती सातवीत शाळा सोडून मशीनवर बसली. तो शिकला, रस्त्यांची मोजणी करून नकाशे काढण्याच्या नोकरीत लागला आणि तिथूनच निवृत्त झाला. माणूस लाखातला, पण 'मला कळलं नाही' हे तीन शब्द त्याच्या तोंडून कधी कुणी ऐकले नाहीत. घड्याळ दुरुस्त केल्यावर दोन चाकं उरली तरी म्हणायचा, ती जास्तीचीच होती.

या दादाचं हृदय कमजोर झाल्याचं निघालं. मावशीच्याच दवाखान्यात आठवडा काढून तो घरी गेला, सोबत पत्रक. आमची धाकटी पास करते हे कागद, असं त्याने सगळ्या वॉर्डला सांगून घेतलं. पत्रकात स्पष्ट लिहिलं होतं: रोज सकाळी वजन करा. तीन दिवसांत दोन किलो वाढल्यास रुग्णालयाशी संपर्क साधावा.

रविवारी दुपारी मावशी भेटायला गेली. दादा खुर्चीत बसलेला. आडवं पडलं की दम लागतो म्हणून दोन रात्री तो बसूनच झोपला होता. ते तो सांगेना, वहिनीने सांगितलं. दादाने आधी कपाटाच्या दाराकडे बोट दाखवलं. तिथे पत्रक चिकटवलेलं, आणि शेजारी आलेखाचा कागद. पट्टीने आखलेला, तारखा नीट घातलेल्या. अठ्ठावन्न, एकोणसाठ, साठ, बासष्ट. रेघ झोकात वर गेलेली.

"अंग धरलंय बघ," दादा म्हणाला. वहिनीलाही हायसं वाटलं होतं. ती बिचारी दोन्ही वेळा वाडगं भरून सूप देत होती.

मावशीने त्याच्या पायाकडे पाहिलं. चपलेचा पट्टा लागत नव्हता. तिने घोट्यावर अंगठा दाबून उचलला, तर खळगा तसाच राहिला. "कळवलं का नाहीस?"

"गुरुवारी दाखवायची तारीख आहे ना. चांगली बातमी पळत जाऊन कशाला सांगायची?"

अर्ध्या तासात तिने त्याला टॅक्सीत घालून दवाखान्यात आणलं. कमजोर हृदयाला अंगातलं पाणी उपसता येत नाही; ते साचतं, वजन वाढतं ते त्या पाण्याचं. पुढचे चार दिवस सुया देऊन ते पाणी काढत होते, आणि पहिले दोन दिवस दादा राहतो की जातो अशीच गत होती. मावशी बाहेरच्या बाकावर बसून एकच गोष्ट आठवत होती. हे पत्रक पुढे आलं तेव्हा ती कुठेच अडली नव्हती. मावशी, एका वाचनात पास, म्हणून डॉक्टरीणबाईंनी टाळी दिली होती आणि ती फुशारून गेली होती. अडेल कशी? अकरा वर्षांत असली पत्रकं वाचून वाचून हे पाणी आहे हे तिला पाठच झालं होतं. आजारी माणसाचं वजन वाढलं की घरात आनंद होतो, एवढी साधी गोष्ट ती विसरली होती.

तिने बाईंना सांगितलं की चूक आपली. बाई समजूत घालायला लागल्या, पाच डॉक्टरांनी तपासलं होतं, तुम्ही कशाला मनाला लावून घेता.

"ते पाच हुशार होते, मॅडम. म्हणून तर मला बसवलं होतं. आता मीही हुशार झाले. दुसरं कुणी शोधा."

दादा उठून बसायला लागला तेव्हा तिने त्यालाही सांगून टाकलं. तो चादरीची शिवण चाचपायला लागला.

"मला एकदा वाटलं होतं," तो म्हणाला, "वजन वाढल्यावर कळवायचं कशाला? उतरल्यावर कळवायला हवं. विचारणार होतो तुला."

"मग विचारलं का नाहीस रे?"

"तुझा कागद, आणि तो मला कळत नाही?"

मावशी रडली. त्याच्यावर चिडून रडली, स्वतःवर चिडून रडली, आणि मग डोळे पुसून तिने ठरवलं ते ठरवलं.

महिन्याभराने चादरींच्या खोलीत तिच्या खुर्चीवर दादा बसला होता. समोर डॉक्टरीणबाई, हातात त्याच पत्रकाचा नवा मसुदा. मावशी बाजूला मशीनवर उशीचा अभ्रा शिवत होती. दादाने खड्या आवाजात वाचलं, कागद पालथा घातला. "हं, आता मी घरी पोचलो," म्हणाला आणि थांबला. शरीरात द्रवसंचय होणे, असं काहीतरी होतं त्यात. त्याने हळूच मान वळवून धाकटीकडे बघितलं.

उत्तर मावशीच्या ओठांवर होतं. तिने खाली मान घातली, दोरा दातांत धरला आणि मशीन थांबवलं. मरणाच्या दारातून आलेल्या माणसालाही ते तीन शब्द जड जात होते.

"मला कळलं नाही," दादा म्हणाला.

बाईंनी पेन उघडलं. मावशीने दोरा तोडला, उठली आणि दादाला एक टपली मारली.