अर्धं पत्र

अच्युत खांबेट्यांना मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते आमच्या शाळेच्या स्टाफरूमच्या दारात. शहाऐंशी साल असावं. अंगावर कारखान्याचा निळा गणवेश, हातात मुलीची गणिताची उत्तरपत्रिका. मला वाटलं, गुण वाढवून मागायला आले. ते म्हणाले, "बाई, शोभाला चार गुण जास्त पडलेत. बेरीज चुकली तुमची." मी पुन्हा बेरीज केली. चुकलीच होती. मागे शोभा रडत होती. मी लाल शाईने गुण कमी करेपर्यंत ते तिच्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले.

टर्बाईनची पाती घासण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. ते काम शिकायला पंचाहत्तर साली त्यांना आठ महिने युक्रेनमधल्या खारकीवला पाठवलं होतं. तिथे मिकोला नावाचा त्यांच्याच वयाचा कारागीर शेजारच्या यंत्रावर असे. रशियन बोलायला त्यानेच शिकवलं. तेव्हापासून दोघांची पत्रं चालू राहिली, पुढे मोबाईल आल्यावर त्यावर.

तिकडे युद्ध सुरू झालं तसे आमच्या बरखेडा वसाहतीच्या बागेतल्या बाकांवर दोन तट पडले. आमच्या मराठी मंडळाचे चिटणीस सुधाकर मोघे अच्युतरावांना छेडत, "काय कॉम्रेड, तुमचा दोस्त मागून आणलेल्या बंदुकांवर किती दिवस लढणार? बसून बोला म्हणावं."

"एकाहत्तर साली बांगलादेशच्या पोरांनी काय घरी घडवल्या होत्या बंदुका?" अच्युतराव विचारत.

"ते वेगळं होतं, यार."

"वेगळंच असतं दर वेळी."

दुसऱ्या वर्षी गणपतीतल्या वादविवादाला मी हाच विषय दिला : युक्रेनला बाहेरून शस्त्रं देणं थांबवून तह घडवावा. आमच्याकडे बाजू चिठ्ठीने ठरत असे. स्वतःचं मत काही असो, चिठ्ठीत येईल ते मांडायचं. ही पद्धत मीच घालून दिलेली. विरुद्ध बाजू मांडता आली की माणूस समजूतदार होतो, असं मी तीस वर्षं सांगत आले. अच्युतरावांना 'बाजूने' अशी चिठ्ठी आली.

चार दिवसांनी ते माझ्याकडे एक कागद घेऊन आले. मिकोलाच्या पत्राचं त्यांनी मराठी केलं होतं. "भाषा बघा जरा, बाई. हे वाचावं म्हणतो."

मिकोलाने लिहिलं होतं : 'मी थकलो, अच्युत. जमीन जायची तर जाऊ दे. बोलणी करा, सही करा, माझा आंद्री आघाडीवरून घरी येऊ दे.' आंद्री त्याचा नातू. खाली आणखी होतं : 'पण माझं ऐकू नकोस. मी आजोबा आहे म्हणून असं बोलतो. शस्त्रं यायची थांबली तर तह होईपर्यंत आंद्री तिथे रिकाम्या हातांनी उभा असेल.'

मी पेन्सिल घेतली आणि मधोमध रेघ मारली. "इथपर्यंतच वाचा. खालचं पलीकडच्यांचं आहे."

"पण लिहिलंय त्यानंच."

"वादविवाद आहे हा, अच्युतराव. पलीकडच्यांचा मुद्दा आपण कशाला द्यायचा?"

त्यांनी त्या रेघेवर कागदाची घडी घातली. मग म्हणाले, "तुम्ही म्हणता तर ठीक."

त्यांनी अर्धंच वाचलं. 'आंद्री घरी येऊ दे'पाशी त्यांनी कागद मिटला. सभागृहात बायका डोळे पुसत होत्या. पहिलं बक्षीस त्यांना मिळालं. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते.

दुसऱ्या दिवशी बाकावर सुधाकर सगळ्यांना सांगत होते, "खुद्द त्यांचा माणूस म्हणतोय, बस करा. आता काय राहिलं?"

"पत्र पुढे आहे," अच्युतराव म्हणाले.

"बक्षीस घेतल्यावर आठवलं होय?"

सगळे हसले. त्या संध्याकाळी त्यांनी पत्राचा उरलेला भाग मंडळाच्या ग्रुपवर टाकला. तीन जणांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. त्याखाली कुणीतरी आरतीची वेळ विचारली.

मग रविवारी माझ्या घरी बसूनच त्यांनी मिकोलाला फोन लावला. एकटं असताना धीर होत नाही, म्हणाले. मला रशियन कळत नाही. त्यांचा चेहरा तेवढा दिसत होता. बोलणं पाच मिनिटांत संपलं.

"काय म्हणाला?"

"अर्धंच वाचलं, बक्षीस मिळालं, असं सांगितलं. त्याने विचारलं, कुठला अर्धा भाग जिंकला?"

"मग?"

"सांगितलं. तो म्हणाला, बरं."

"रेघ मी मारली, हे सांगितलंत का?"

"नाही."

"का?"

"वाचलं मीच ना, बाई."

रेघ माझी होती, हे मिकोलाला सांगायचा धीर मला आजवर झालेला नाही. मी मराठीत चार ओळी लिहून दिल्या असत्या, तर त्यांनी रशियन करून पाठवल्याही असत्या. वादविवाद मी बंद केला. कारण विचारलं तेव्हा गुडघे दुखतात, असं सांगितलं.

अच्युतराव आता शहात्तर वर्षांचे आहेत. रविवारी दुपारी मिकोलाचा फोन अजून येतो. थंडी, रक्तदाब, शोभाची मुलं, एवढंच बोलणं होतं. आंद्रीचं नाव मिकोला काढत नाही आणि अच्युतराव विचारत नाहीत. तो पोरगा कुठे आहे, त्यांना माहीत नाही.